थरांच्या माध्यमातील विद्युतचुंबकीय लहरींचे सिम्युलेशन: कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे चुकते

हवेखाली कोरडी वाळू, वाळूखाली ओली माती आणि त्या मातीत एक पाइप. वरून रडारची लहर सोडली तर परत काय येईल? काचेवरचे पातळ लेप किंवा बहुस्तरीय सर्किट बोर्ड घेतले तरी गणित याच जातीचे असते. यात सॉफ्टवेअर सहसा चुकत नाही, क्रम चुकतो. लोक पहिल्याच दिवशी त्रिमितीय मॉडेल उभे करतात. रंगीत चित्र येते आणि ते पटण्यासारखेही दिसते. पण ते बरोबर आहे की नाही हे ठरवायला हातात काहीच नसते.

थर सपाट आणि समांतर असतील, तर त्यांचे अचूक उत्तर पन्नासेक ओळींच्या कोडमधून मिळते. ते आधी काढायचे आणि पुढचे प्रत्येक मोठे गणित त्याच्याशी ताडून पाहायचे, हे या लेखाचे सूत्र आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो: वर हवा, मग ३० सेंमी कोरडी वाळू (सापेक्ष पर्मिटिव्हिटी, म्हणजे निर्वाताच्या तुलनेत माध्यम विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देते तो आकडा, ४), त्याखाली अमर्याद ओली माती (२५). रडारची मध्य वारंवारता ४०० मेगाहर्ट्झ.

## १. कोड उघडण्याआधी: चिन्हांचे संकेत कागदावर लिहा

भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत काळाच्या घातांकासमोर ऋण चिन्ह असते, अभियांत्रिकीच्या पुस्तकांत धन. दोन्ही बरोबर आहेत. मात्र पहिल्या संकेतात ऊर्जा शोषणाऱ्या माध्यमाच्या पर्मिटिव्हिटीचा काल्पनिक भाग धन येतो आणि दुसऱ्यात ऋण. सूत्र एका पुस्तकातून आणि माध्यमाचा तक्ता दुसऱ्यातून उचलला, की शोषण करणारा थर लहर वाढवू लागतो. शोषण भरपूर असेल तर परावर्तन १०० टक्क्यांच्या वर जाते आणि चूक पकडली जाते. शोषण थोडे असेल तर आलेख जरासा सरकतो, इतकेच. म्हणून ही चूक महिनोन्महिने कोडमध्ये मुक्काम करू शकते. या लेखात मी ऋण चिन्हाचा संकेत धरला आहे.

त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी लिहा.

कोन कुठून मोजता? प्रकाशिकीत तो पृष्ठभागाच्या लंबापासून मोजतात, रडारच्या कामात पुष्कळदा पृष्ठभागापासून.

ध्रुवीकरणाला काय म्हणता? एस म्हणजे विद्युतक्षेत्र आपतन प्रतलाला (येणारी लहर आणि पृष्ठभागाचा लंब ज्यात असतात त्या प्रतलाला) लंब, पी म्हणजे प्रतलात. टीई आणि टीएम ही नावे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळ्या संदर्भाने येतात, म्हणून क्षेत्राची दिशा शब्दांत लिहून ठेवणे बरे.

पी ध्रुवीकरणात परावर्तन गुणांक कोणत्या क्षेत्राचा घेता? हवेतून १.५ अपवर्तनांकाच्या काचेवर लंब आपतन असेल तर एससाठी −०.२ मिळते. पीसाठी चुंबकीय क्षेत्राचे गुणोत्तर घेतले तर +०.२. चिन्ह उलटे दिसले म्हणून कोड दुरुस्त करायला धावू नका. व्याख्या वेगळी आहे.

तपासणी: वाहकतेवरून काल्पनिक भाग काढून पाहा. वाहकतेला कोनीय वारंवारता आणि निर्वाताची पर्मिटिव्हिटी यांच्या गुणाकाराने भागायचे. मीटरला ०.०१ सीमेन्स वाहकता आणि ४०० मेगाहर्ट्झला उत्तर ०.४५ यायला हवे. २.८ आले तर २π राहिला आहे.

## २. माध्यमांचा तक्ता

प्रत्येक थरासाठी जाडी, पर्मिटिव्हिटी, वाहकता, पारगम्यता (चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) आणि हे आकडे कोणत्या वारंवारतेपर्यंत चालतात, एवढे रकाने पुरेत. पहिला आणि शेवटचा थर अर्धअनंत, म्हणजे एका बाजूला न संपणारा, असतो. त्यांच्या जाडीचा रकाना रिकामाच ठेवा, तिथे मोठासा आकडा टाकू नका.

शेवटच्या रकान्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. २० अंश सेल्सिअसच्या पाण्याची पर्मिटिव्हिटी सुमारे ८० हे सगळ्यांना पाठ असते. पण पाण्याची शिथिलन वारंवारता, म्हणजे जिच्या आसपास पाण्याचे रेणू क्षेत्राबरोबर वळताना मागे पडू लागतात ती, १७ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. काही शे मेगाहर्ट्झला ८० चालते. १० गिगाहर्ट्झला ८० लिहिणे म्हणजे भलत्याच द्रवाचे गणित करणे. तिथे वारंवारतेनुसार पर्मिटिव्हिटी बदलणारे डीबाय प्रतिमान लागते.

सावधान: काळाच्या पायऱ्यांनी पुढे जाणाऱ्या पद्धतीत सगळ्या वारंवारतांना सारखाच काल्पनिक भाग देता येत नाही. तसे माध्यम कार्यकारणाच्या नियमातच बसत नाही. शोषण वाहकतेच्या किंवा डीबाय-लोरेंट्झ प्रतिमानाच्या रूपात द्यावे लागते.

जाड आधारथराचीही काळजी घ्या. १ मिमी जाडीच्या काचेत (अपवर्तनांक १.५) ६०० नॅनोमीटरच्या आसपास दोन व्यतिकरण शिखरांत फक्त ०.१२ नॅनोमीटरचे अंतर असते. वर्णपट १ नॅनोमीटरच्या पायरीने काढला, तर आलेखात दिसणारे चढउतार हा निव्वळ नमुना घेण्यातला दोष असतो. अशा थरात लहरीची कला (फेज) धरू नका, परावर्तित तीव्रतांची बेरीज करा.

## ३. संदर्भ कोड: खालून वर येणारी परावर्तनाची साखळी

३.१ क्षितिजसमांतर तरंगसंख्या, म्हणजे थरांना समांतर दिशेत लहरीची कला दर मीटरला किती बदलते तो आकडा, एकदाच काढा. ती सगळ्या थरांत सारखीच असते. स्नेलच्या नियमाने प्रत्येक थरात व्यस्त साइन लावून कोन काढत बसू नका. पूर्ण आंतरिक परावर्तन आले की साइन १ च्या पुढे जाते आणि कोन संमिश्र होतो. पूर्ण गणितात कोन फक्त पहिल्या थरात लागतो.

३.२ उभी (थरांना लंब दिशेतली) तरंगसंख्या वर्गमुळाने काढा आणि मुळाची शाखा तपासा. सर्वात जास्त कोड इथे मोडतात. ऋण चिन्हाच्या संकेतात वर्गमुळाचा काल्पनिक भाग शून्य किंवा धन हवा, म्हणजे लहर आत जाताना क्षीण होते. नंपायला (पायथनच्या गणिती लायब्ररीला) निव्वळ वास्तव ऋण संख्या दिली तर उत्तर ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) येते, ते निदान दिसते तरी. खरा त्रास संमिश्र संख्येचा असतो. काल्पनिक भाग ‘उणे शून्य’ असेल तर वर्गमूळ गुपचूप उलट्या शाखेचे मिळते, आणि उणे शून्य हे साध्या वजाबाकी-गुणाकारातूनही तयार होते. उपाय एका ओळीचा आहे: वर्गमूळ काढल्यावर काल्पनिक भाग ऋण असेल तर संपूर्ण संख्येचे चिन्ह बदला. (लेझरसारख्या प्रवर्धक माध्यमांना हा नियम लावू नका, ते प्रकरण वेगळे.)

३.३ प्रत्येक सीमेवर परावर्तन गुणांक काढा. एससाठी वरच्या आणि खालच्या उभ्या तरंगसंख्यांची वजाबाकी भागिले बेरीज. पीसाठी प्रत्येक उभी तरंगसंख्या आधी त्या-त्या थराच्या पर्मिटिव्हिटीने भागायची, मग तेच. चुंबकीय थर असतील तर एससाठी पारगम्यतेने भागायचे.

३.४ सगळ्यात खालच्या सीमेपासून वर या.

एकूण(वर) = [र + एकूण(खाली) × फ] ÷ [१ + र × एकूण(खाली) × फ]

यात ‘र’ म्हणजे वरच्या सीमेचा स्वतःचा गुणांक. ‘फ’ म्हणजे मधल्या थरातून जाऊन परत येताना झालेला बदल; त्याच्या घातांकात आय × २ × उभी तरंगसंख्या × जाडी येते. शाखा बरोबर असेल तर ‘फ’ चे मान कधीच १ च्या वर जात नाही. यामुळेच ही साखळी स्थिर राहते.

पाठ्यपुस्तकांत दोन-बाय-दोन मॅट्रिक्स एकामागून एक गुणण्याची पद्धत असते. दिसायला ती देखणी, पण तिच्यात वाढणारा आणि घटणारा घातांक शेजारी-शेजारी बसतात. दुहेरी अचूकतेत जेमतेम १६ अंक असतात. थरातील क्षय-घातांक (उभ्या तरंगसंख्येचा काल्पनिक भाग × जाडी) १८ च्या आसपास गेला की दोन पदांचे गुणोत्तर १० चा १६ वा घात ओलांडते आणि लहान पदाचे अंक गळून जातात. ओव्हरफ्लोची सूचना मात्र ७०९ ओलांडल्याशिवाय येत नाही. मधल्या सगळ्या टापूत कोड निर्धास्तपणे चुकीची उत्तरे देतो. धातूचे किंवा जाड शोषक थर असतील तर मॅट्रिक्सच्या वाटेला जाऊच नका.

तपासणी, आणि ही सगळीच्या सगळी करा:

- हवेतून १.५ च्या काचेवर लंब आपतन: परावर्तन ४ टक्के.
- त्याच काचेवर ५६.३१ अंशाला पी ध्रुवीकरण: परावर्तन शून्य.
- काचेवर १.३८ अपवर्तनांकाचा ९९.६ नॅनोमीटरचा लेप, तरंगलांबी ५५० नॅनोमीटर: १.४१ टक्के.
- लेपाची जाडी दुप्पट केली की लेप जणू नाहीच, पुन्हा ४ टक्के.
- कोणताही एक थर कापून त्याच पदार्थाचे दोन थर करा: उत्तर शेवटच्या एक-दोन अंकांपलीकडे हलता कामा नये.
- शोषण नसेल तर परावर्तित आणि पारगत ऊर्जेची बेरीज १.

शेवटच्या तपासणीत हमखास होणारी चूक अशी. काचेत पारगमन गुणांक ०.८ येतो, त्याचा वर्ग ०.६४, त्यात ०.०४ मिळवले की ०.६८, आणि मग बाकीची ऊर्जा कुठे गेली याचा शोध सुरू होतो. ती कुठेही गेलेली नाही. एससाठी वर्गाला खालच्या आणि वरच्या उभ्या तरंगसंख्यांच्या वास्तव भागांच्या गुणोत्तराने गुणावे लागते. इथे ते १.५ आहे: ०.९६, आणि हिशेब जुळला.

सावधान: बेरीज १ आली म्हणजे कोड बरोबर, असे नाही. थर उलट्या क्रमाने भरले किंवा जाडी दहापट चुकली, तरी बेरीज १ च राहते.

## ४. एकमितीय काळगणित आणि जाळीची निवड

आता एफडीटीडी, म्हणजे यी जाळीवर (जिच्यात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे बिंदू एकमेकांपासून अर्ध्या चौकोनाने सरकलेले असतात) काळाच्या छोट्या पायऱ्यांनी क्षेत्र पुढे नेण्याची पद्धत. मीप किंवा जीपीआरमॅक्ससारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरा, नाहीतर स्वतः लिहा. सुरुवात एका मितीतूनच.

आपल्या उदाहरणाचे उत्तर तोंडी निघते. हवा-वाळू सीमेवर गुणांक −१/३, वाळू-माती सीमेवर −३/७. वाळूतून जाऊन परत यायला ४ नॅनोसेकंद लागतात. म्हणून शोषण नसताना पहिला प्रतिध्वनी −०.३३३, त्यानंतर ४ नॅनोसेकंदांनी −०.३८१ (−३/७ गुणिले ८/९), आणि ८ नॅनोसेकंदांनी वाळूतच एक जादा फेरी मारून आलेला +०.०५४. तिसऱ्याचे चिन्ह उलटे आहे याकडे लक्ष द्या. तुमच्या गणितात तो ऋण आला तर सीमेवर काहीतरी बिघडले आहे. ४०० मेगाहर्ट्झच्या रिकर स्पंदात (रडारच्या गणितात नेहमी वापरला जाणारा छोटा स्पंद) ही तिन्ही शिखरे सुटी दिसतात.

जाळी बारीक किती हवी? इथे दोन चुका जोडीने होतात: तरंगलांबी हवेतली घेतात आणि वारंवारता मध्य. हवेत ४०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ७५ सेंमी, तिचे वीस भाग म्हणजे ३७.५ मिमीचा चौकोन. पण रिकर स्पंदात दखल घेण्याजोगी ऊर्जा मध्य वारंवारतेच्या जवळपास तिप्पटीपर्यंत पसरलेली असते. १२०० मेगाहर्ट्झला ओल्या मातीत तरंगलांबी फक्त ५ सेंमी असते. तिचे वीस भाग करायचे तर चौकोन २.५ मिमी, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या पंधरापट बारीक. सुदैवाने ३० सेंमीत असे १२० चौकोन नेमके बसतात. बसत नसतील तर चौकोनाचा आकार बदला, थराची जाडी ‘जवळपास’ करू नका.

सीमा जाळीच्या त्या रेषेवर ठेवा जिथे सीमेला समांतर विद्युतक्षेत्राचे बिंदू आहेत, आणि त्या बिंदूंना दोन्ही बाजूंच्या पर्मिटिव्हिटीची साधी सरासरी द्या: हवा-वाळूला २.५, वाळू-मातीला १४.५. सीमा चौकोनाच्या मधूनच जात असेल तर लंब घटकाला व्यस्त सरासरी लागते. मीप हे काम स्वतः करते. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये ते बहुधा राहून जाते.

काळाची पायरी सर्वात वेगवान माध्यमावर ठरते, म्हणजे इथे हवेवर. तीन मितींत चौकोनाची बाजू भागिले प्रकाशवेग भागिले √३, म्हणजे ४.८ पिकोसेकंद. मातीतला वेग धरला तर पायरी पाचपट मोठी होते आणि काही क्षणांत सगळे आकडे अनंताकडे पळतात.

तपासणी: काळातल्या उत्तराचे फूरिये रूपांतर करा, आपाती स्पंदाच्या रूपांतराने भागा, आणि विभाग ३ च्या आलेखावर ठेवा. स्पंदात ऊर्जा आहे त्या पट्ट्यात दोन्ही रेषा एकावर एक बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

## ५. तीन मितींत जाण्याआधी हिशेब

२ × २ × १.५ मीटरचे आवार आणि २.५ मिमीचा चौकोन: ३८.४ कोटी चौकोन. सहा क्षेत्रघटक, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे नुसत्या क्षेत्रांना ९.२ गिगाबाइट. चौकोन निम्मा केला तर स्मृती आठपट आणि वेळ सोळापट. म्हणून सगळे प्रयोग द्विमितीय मॉडेलवर उरकून घ्या.

## ६. कडा: शोषक थर

पीएमएल हा आवाराच्या कडेचा शोषक थर, बाहेर जाणारी लहर परत न पाठवता गिळणारा. माती, वाळू, हवा, सगळे थर पीएमएलच्या आत बाहेरच्या कडेपर्यंत तसेच न्यायचे असतात. थर आवाराच्या कडेला संपवून पीएमएल हवेने भरला, तर तिथे मातीची उभी भिंत तयार होते आणि ती बाजूने परावर्तन देते. चित्रात ते बाजूच्या खऱ्या वस्तूसारखेच दिसते.

पृष्ठभागाला अगदी घासून येणाऱ्या लहरी आणि अंतराबरोबर झपाट्याने विरणाऱ्या क्षयी लहरी साधा पीएमएल नीट गिळत नाही. स्रोत आणि वस्तू कडेपासून किमान अर्ध्या तरंगलांबीवर ठेवा, आणि जमले तर सीपीएमएल, म्हणजे त्याची सुधारित आवृत्ती, वापरा.

तपासणी: आवार सगळ्या बाजूंनी वाढवून गणित पुन्हा करा. नुसता पीएमएल जाड करून पाहणे पुरत नाही, कारण थर कडेला संपवण्याची चूक त्यातून दिसत नाही.

## ७. स्रोत

तिरपी समतल लहर द्यायला ब्लॉख सीमा (एका कडेचे क्षेत्र ठरावीक कला-फरकाने समोरच्या कडेला जोडणारी) वापरतात, आणि तिथे गफलत होते. ब्लॉख सीमा क्षितिजसमांतर तरंगसंख्या पक्की करते, कोन नव्हे. ४०० मेगाहर्ट्झला ३० अंश मिळतील अशी तरंगसंख्या ठेवली, तर त्याच गणितात ८०० मेगाहर्ट्झला कोन १४.५ अंश आणि १२०० ला ९.६ अंश असतो. २०० मेगाहर्ट्झच्या खाली लहर हवेत चालतच नाही. ‘३० अंशाचा वर्णपट’ म्हणून असा आलेख दिला तर तो चूक आहे. अनेक तरंगसंख्यांसाठी गणिते करा आणि हव्या त्या कोनाचे बिंदू त्यांतून वेचा.

एकूण-क्षेत्र आणि विकीर्ण-क्षेत्र (वस्तूमुळे विखुरलेले) अशी विभागणी करून लहर सोडत असाल, तर आत सोडायचे क्षेत्र थरांसकटचे हवे: आपाती, परावर्तित आणि पारगत, तिन्ही. मोकळ्या हवेतली लहर सोडली तर विभागणीच्या पेटीतून ऊर्जा गळते.

स्रोत अँटेना असेल तर समतल लहरीचे उत्तर संदर्भाला पुरत नाही, सॉमरफेल्ड समाकलन (सगळ्या क्षितिजसमांतर तरंगसंख्यांच्या लहरींची बेरीज) करावे लागते. त्यात चिन्हांचा संकेत पुन्हा आडवा येतो. ऋण संकेतात ध्रुव (जिथे समाकलनातली राशी अनंत होते ते बिंदू) वास्तव अक्षावर किंवा वर असतात, म्हणून समाकलनाचा मार्ग अक्षाच्या खालून वळवायचा. धन संकेतात वरून.

## ८. वस्तू ठेवणे आणि विकीर्ण क्षेत्र वेगळे काढणे

विकीर्ण क्षेत्र म्हणजे वस्तूसह मिळालेले क्षेत्र वजा वस्तूशिवायचे, पण थरांसह मिळालेले क्षेत्र. मोकळ्या हवेतले आपाती क्षेत्र वजा केले तर −०.३३ आणि −०.३८ चे थरांचे प्रतिध्वनी उत्तरात तसेच राहतात, आणि पाइपचा क्षीण प्रतिध्वनी त्यांच्याखाली दबून जातो.

दोन्ही गणितांत जाळी, काळाची पायरी आणि स्रोत तंतोतंत सारखे हवेत. सॉफ्टवेअर आपोआप जाळी आखत असेल तर पाइप काढताच जाळी बदलते, आणि वजाबाकीत जाळीचाच फरक ‘विकीर्णन’ म्हणून दिसतो. म्हणून पाइप काढू नका. भूमिती तशीच ठेवून पाइपचा पदार्थ बदला आणि त्याला भोवतालच्या मातीचे गुणधर्म द्या.

तपासणी १: दोन्ही गणितांत पाइपला मातीचेच गुणधर्म दिले तर वजाबाकी शून्य यायला हवी, अगदी शेवटच्या अंकापर्यंत.

तपासणी २: पाइपची पर्मिटिव्हिटी २५.१ करा, मग २५.२. इतक्या कमी फरकाला विकीर्ण क्षेत्र जवळपास नेमके दुप्पट व्हायला हवे. झाले नाही तर एकेरी अचूकतेत वजाबाकीचे अंक हरवत आहेत का ते पाहा.

दूरवरचे क्षेत्र काढताना सॉफ्टवेअरमधले तयार बटण दाबण्याआधी थांबा. ते रूपांतर बहुधा मोकळ्या, एकसंध अवकाशासाठी लिहिलेले असते. वस्तूभोवतीची बंद पेटी मातीत असेल तर ते लागू नाही. हवेतले दूरक्षेत्र हवे असेल तर परस्परतेचा (स्रोत आणि निरीक्षक यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच राहते या नियमाचा) आधार घ्या: निरीक्षणाच्या दिशेकडून समतल लहर येते असे धरून विभाग ३ च्या कोडने मातीतले क्षेत्र काढा, आणि वस्तूतल्या समतुल्य प्रवाहांशी त्याचा गुणाकार करून समाकलन करा.

## ९. अचूकतेचा आकडा

चौकोनाचे तीन आकार घ्या: ५, २.५ आणि १.२५ मिमी. एक मिती किंवा दोन मितींत हे सहज परवडते. पहिल्या दोन उत्तरांतला फरक भागिले पुढच्या दोन उत्तरांतला फरक, हे गुणोत्तर काढा. यी जाळी दुसऱ्या क्रमाची आहे, म्हणजे चौकोन निम्मा केला की चूक चौथाई होते, म्हणून ४ च्या जवळचा आकडा अपेक्षित आहे. २ च्या जवळ येत असेल तर सीमेवरची सरासरी चुकली आहे किंवा वक्र पाइप जाळीत पायऱ्या-पायऱ्यांचा झाला आहे. पाइप काढून फक्त थरांवर हेच गुणोत्तर काढले की दोहोंपैकी दोषी कोण ते कळते. गुणोत्तर एकदा ४, एकदा १, एकदा ऋण असे भटकत असेल, तर सर्वात जाड जाळी त्या स्पंदासाठी पुरेशी बारीक नाही. ५ मिमीचे उत्तर सोडून द्या आणि ०.६२५ मिमीचे गणित जोडून पुन्हा मोजा.